डाव्या बाजूची खुर्ची

सार्जंटकाकांच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती. दोन खुर्च्या होत्या, एक त्यांच्या उजव्या हाताला आणि एक डाव्या. त्यांचा डावा कान लष्करात गेला होता. आलेल्या माणसाला ते उजवीकडची खुर्ची दाखवत. विमा एजंट, वॅक्सचे डबे विकायला येणारा सेल्समन, मराठी मंडळाचे पदाधिकारी, सगळे उजवीकडे. डावीकडे फक्त डेनिस बसे. डेनिस ऑफिसची मॅनेजर, मूळची कोलंबसचीच, बारा वर्षं त्यांच्याबरोबर. पहिल्याच आठवड्यात मी याचं कारण विचारलं.

"ज्याचं बोलणं नीट ऐकावं लागतं, तो उजवीकडे," काका म्हणाले. "जिचं नाही ऐकलं तरी चालतं, ती डावीकडे."

डेनिसला मराठी येत नव्हतं, पण विषय आपला आहे हे तिला कळलं. "काय म्हणतोय हा?"

"तुमची स्तुती करताहेत."

"मग खोटं बोलतोय."

मी तीन वर्षं उजवीकडे बसले.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये, कोलंबस शहराला लागूनच, गोदामांच्या एका रांगेत काकांचं ऑफिस होतं. कंपनी सरकारी इमारतींच्या फरशांची देखभाल करायची. काका मूळचे इचलकरंजीचे. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या भावाकडे न्यू जर्सीला आले, ग्रीन कार्ड मिळाल्यावर अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले आणि पुरवठा विभागात सार्जंट झाले. एक लष्करी ट्रक उलटला, त्यात डावा कान आणि उजवा गुडघा गेला. पुढे त्यांनी ही कंपनी काढली. मी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं सिटी डेस्कवर होते, नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. काकांना टेंडरं लिहायला माणूस हवा होता. त्यांनी मला घेतलं आणि 'पत्रकार' म्हणायला सुरुवात केली.

टेंडरांचे नियम मी आठवडाभर वाचले. सरकारी कामांचा काही वाटा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवलेला असतो. त्यातलाही काही भाग सैन्यात असताना अपंगत्व आलेल्यांच्या कंपन्यांना मिळतो. अट अशी, की निम्म्याहून जास्त मालकी त्या माजी सैनिकाची हवी आणि कारभारही खरोखर त्यानेच पाहायला हवा. दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तर सर्टिफिकेट मिळतं. हे वाचून झाल्यावर माझ्या मनात आलेला प्रश्न सिटी डेस्कवरचा होता: नाव कुणाचं आणि कारभार कुणाचा? पाटीवर एकाचं नाव आणि आत दुसराच माणूस, अशा गॅस एजन्सी मी नागपूरला पाहिल्या होत्या.

काकांबद्दल संशय यायला कारणं होती. ते दहाला यायचे, चहा घ्यायचे, फोन करायचे आणि दोन वाजता निघून जायचे. कुठे जातात, ते सांगत नसत. कामगारांच्या पाळ्या डेनिस लावायची. आजारी पडलेले कामगार डेनिसला फोन करायचे. समोर आलेल्या कागदावर काका त्या दिवशी कधीही सही करत नसत. "आज वाचतो, उद्या सही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा घाई केली तेव्हा ते म्हणाले, "सैन्यात एकदा न बघता सही ठोकली होती. नंतर मोजले तर तंबू कमी. तेव्हापासून कागद घरी नेऊन झोपवतो. सकाळी खरं बोलायला लागतो तो." खुलासा चांगला होता. पण कारभार दुसऱ्याच कुणाला विचारून करणाऱ्या माणसालाही एक रात्र लागतेच, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या वर्षी टेक्सासमधल्या प्लेनोहून एक गृहस्थ आले. त्यांचं नाव लिहीत नाही. काका त्यांना प्लेनोकर म्हणायचे. पन्नाशीचे, बोलायला गोड, येताना पेढ्यांचा डबा आणलेला. त्यांची स्वतःची मोठी कंपनी होती, पण सर्टिफिकेट नव्हतं. ते आल्याबरोबर वाकून काकांच्या पाया पडले आणि उजवीकडे बसले.

"काका, तुम्ही फक्त हो म्हणा. नवी कंपनी फॉर्म करू. एक्कावन्न टक्के तुमचे. माणसं आमची, मशिनं आमची."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही अध्यक्ष. तुम्ही आमचे मोठे. तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?"

"मॉप कोण धुणार?"

प्लेनोकर मोठ्याने हसले. "काय काका, जोक मारता यार."

काका हसले नाहीत. "पेपर ठेवून जा. आज वाचतो."

प्लेनोकर फसवायलाच आले होते, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे वयस्कर माणसाला अध्यक्ष करण्याची रीतच आहे. पत्रिकेवर नाव त्यांचं, व्यासपीठावर मधली खुर्ची त्यांची आणि काम इतरांचं. त्यात कुणाला काही गैर दिसत नाही. प्लेनोकर आपण मान देतोय असं मानत असावेत. इथल्या कायद्यात या मानाला वेगळं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी नकार दिला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी ते डॅलसच्या विमानाने गेले. प्लेनो डॅलसला लागूनच आहे. दोन दिवसांनी परतले आणि काहीच बोलले नाहीत. मी वहीत तारखा टिपून ठेवल्या. बातमी करायची नव्हती, सवय होती. माणूस विकला गेला, असं माझं मत झालं होतं.

त्याच सुमारास मी कंपनीचं वेबपेज नव्याने लिहिलं. जुन्या पेजवर दोनच ओळी होत्या: 'आम्ही फरशा करतो. मला फोन करा.' खाली काकांचा मोबाइल नंबर. इतक्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही, असं मला वाटलं. मंडळाच्या स्मरणिकेत लिहितात तसं मी इंग्रजीत लिहिलं. कंपनी सार्जंटसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली चालते, ते आम्हा सर्वांचे प्रेरणास्थान आहेत, दैनंदिन कामकाज डेनिस पाहतात. बरोबर मंडळाच्या गणपतीत झालेल्या सत्काराचा फोटो लावला. त्यात काका खुर्चीत बसलेले, खांद्यावर शाल, हातात नारळ.

काकांनी कागद घरी नेला. सकाळी आणून दिला. "हा माणूस रिटायर झालेला दिसतोय."

"काका, मानाने लिहिलंय."

"मानाने लिहिलंय होय," ते म्हणाले आणि सही केली.

आमचं सगळ्यात मोठं काम होतं माजी सैनिकांच्या एका दवाखान्याचं. अठरा कामगार त्याच एका कामावर होते. कंत्राटाची मुदत संपली, नवं टेंडर निघालं आणि आमची निवड झाली. आठवडा संपायच्या आत दुसऱ्या एका बोली लावणाऱ्या कंपनीने हरकत घेतली: हे मालक नावापुरतेच आहेत, कारभार दुसरेच बघतात. हरकत मान्य झाली असती तर कंत्राट गेलं असतं, सर्टिफिकेट गेलं असतं आणि अशा कुठल्याही राखीव कामाला आम्हाला बोली लावता आली नसती.

हरकतीला पुरावा म्हणून आमचंच वेबपेज जोडलं होतं. शालीच्या फोटोभोवती लाल चौकट होती. डेनिसने ते मोठ्याने वाचलं. प्रत्येक वाक्य माझं होतं.

"छान लिहितेस तू," डेनिस म्हणाली. "त्या अठरा जणांना हेच सांगू का? की बाई छान लिहितात?"

मी काकांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते. "पेज पास कोणी केलं? मी. तिला बोलू नकोस."

हरकत घेणारी कंपनीही टेक्सासमधली होती. तिचा आणि प्लेनोकरांचा संबंध होता का, हे मी शोधायचा प्रयत्न केला. हाती काही लागलं नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

चौकशीला एक अधिकारी बाई आल्या. काकांनी त्यांना उजवीकडची खुर्ची दाखवली. माणसं कोण घेतं, कोण काढतं, टेंडरमधली किंमत कोण ठरवतं, मशीन कुठलं घ्यायचं हे कोण ठरवतं, असे त्यांचे प्रश्न होते. काका एकेका वाक्यात उत्तर देत होते. मग बाईंनी तो फोटो पुढे सरकवला.

"हे काय आहे?"

"शाल. आमच्यात माणूस म्हातारा झाला की देतात."

"तुम्ही निवृत्त झालात म्हणून?"

"नाही. त्यांना मी निवृत्त व्हावं असं वाटतं म्हणून."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उलटली. "तुम्ही रोज दोन वाजता ऑफिसमधून निघता, असं कळलं. नंतर कुठे असता?"

हा प्रश्न तीन वर्षं माझा होता. मी मान वर केली. काका टेबलाला हात टेकून उठले. "चला."

दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. बाई त्यांच्या गाडीतून मागे आल्या. दारावरच्या गार्डने काकांना पाहिलं आणि म्हणाला, "सार्ज, आज लवकर?" फिजिओथेरपीच्या विभागाबाहेर एक लांब कॉरिडॉर होता. काका एक हात भिंतीला लावून चांगल्या गुडघ्यावर बसले आणि तळहात फरशीवरून फिरवला. समोरच्या लॉबीची फरशी आरशासारखी चकचकीत होती. इथली मात्र मंद, धूसर दिसत होती. बाईंनी विचारलं, इथे पॉलिश राहून गेलंय का?

"राहिलं नाही, ठेवलंय," काका म्हणाले. "चमकणारी फरशी वॉकरवाल्याला ओली वाटते. मग तो चालता चालता थबकतो, भिंत धरायला जातो आणि पडतो. लॉबी चमकवा, तिथे साहेब लोक येतात. इथे कमी चमकीचं वॅक्स, दोनच हात. कामगार नवा असला की हौसेने तिसरा देतो. म्हणून मी रोज येऊन हात लावून बघतो."

तेवढ्यात एक म्हातारा वॉकर टेकत आला. आमच्याजवळून गेला, वळला, दिसेनासा झाला.

"पाहिलंत?" काका अजून खालीच बसले होते. "त्याने एकदाही खाली बघितलं नाही. माझं काम एवढंच."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही.

परतताना मी डेनिसच्या गाडीत होते. डॅलसचं काय झालं, ते तिने तेव्हा सांगितलं. प्लेनोकरांनी आधी एका माजी सैनिकाच्या नावावर एक कंपनी काढली होती. काका त्या माणसाचा पत्ता काढून त्याच्या घरी गेले होते. तो दारातल्या खुर्चीवर बसलेला होता. आपली कंपनी कुठल्या इमारती साफ करते, हे त्याला सांगता आलं नाही. वर्षातून एकदा गाडी येते, फोटो काढतात आणि परत आणून सोडतात, एवढं त्याला माहीत होतं. काकांनी प्लेनोकरांचे कागद तिथूनच पोस्टाने परत पाठवले. सही न करता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू विचारलंस?" डेनिस म्हणाली. "तू तर वहीत लिहीत होतीस."

पाच आठवड्यांनी निकाल आला. हरकत फेटाळली होती. सर्टिफिकेट कायम, कंत्राट कायम. डेनिसने फोन उचलला आणि एकेका कामगाराला कळवत सुटली. काकांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "आज वाचतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनं पेज परत लावायला सांगितलं, त्या दोन ओळींचं. मी ते लावलं आणि दाखवायला त्यांच्या टेबलापाशी गेले. सवयीने उजवीकडे वळले. त्यांनी मान हलवली आणि डावीकडची खुर्ची दाखवली. मी बसले. खुर्ची थोडी बुटकी होती. तिथून त्यांच्या चेहऱ्याची फक्त कानाची बाजू दिसायची.

"काका," मी हळू आवाजात म्हटलं, "मला तुमचा संशय होता. तुम्हीही नाव विकलंत, असं मी धरून चालले होते. तारखासुद्धा टिपल्या होत्या."

ते स्क्रीनकडे बघत होते. बघतच राहिले. मग म्हणाले, "चहा टाकतेस का?"

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. हृदयविकाराचा झटका आला, तोही दवाखान्याच्याच पार्किंगमध्ये, दुपारी. काकू आधीच गेल्या होत्या आणि मूलबाळ नव्हतं. कंपनी खरोखर त्यांचीच होती, त्यामुळे सर्टिफिकेटही त्यांच्याबरोबर संपलं. डेनिस आता साधी लहान कंपनी चालवते. अठरांतले अकरा जण तिच्याकडे आहेत. मी दुसरीकडे टेंडरं लिहिते. 'मार्गदर्शनाखाली' हे शब्द पुन्हा कधी लिहिले नाहीत.

अलीकडे डेनिसला फोन केला होता. बोलता बोलता विचारलं, त्या दिवशी मी डावीकडून जे बोलले ते त्यांनी ऐकलं असेल का?

"डावीकडून?" डेनिस म्हणाली. "मी तिथे बसून एकदा स्वतःशीच पुटपुटले होते, की ही खुर्ची फार करकरते. दुसऱ्या दिवशी तिला तेल घातलेलं होतं."