उताराला आडवी पेरणी

तमाम गावकरी, भावकी आणि पाहुणेरावळे यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या घराण्याच्या रानात पेरणीचे तास वाकडे निघाले. गुन्हेगार घरचीच आहे. ती या घरची सून असून शहरात, मुकुंदवाडीच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि तिला झाल्या प्रकाराचा तिळमात्र पश्चात्ताप नाही. ती सून म्हणजे मी.

आमचं रान खुलताबादच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. चिंचोळं, लांबच लांब, ओढ्याकडे उतरत गेलेलं. तास जितका लांब तितके बैल कमी वेळा वळवावे लागतात, म्हणून तिफण कायम वरून खाली चालायची. त्यात माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा तास असा की दोरी लावून ओढावा. पेरा उगवला की आमच्याकडे लोक बांधावर येऊन तास बघतात, मुलगी बघायला आल्यासारखे. मामांच्या तासांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

पावसालाही हे तास फार आवडत. सरळ वाट मिळाली की पाणी तिच्यातून सुसाट निघे आणि जाताना माती बरोबर नेई. मग उन्हाळ्यात ओढ्यावरच्या बंधाऱ्यातला गाळ ट्रॉलीनं वर आणून रानात पसरायचा, हा आमचा वार्षिक सोहळा. लग्नानंतर काही वर्षं मीही तो भक्तिभावानं पाहिला. एकदा मात्र विचारलं, हा गाळ येतो कुठून? उत्तर रानाच्या वरच्या अंगाला दिसतच होतं. तिथं मुरूम उघडा पडला होता.

मी मामांना म्हटलं, वरचा तुकडा मला द्या, उताराला आडवा पेरते. मामा सुपारी कातरत म्हणाले,

“रस्त्यावरून दिसतंय आपलं रान. लोक म्हनतील, म्हातारा पिऊन पेरत व्हता.”

मी हट्ट सोडला नाही. शेवटी एका पावसाळ्यापुरता तुकडा मिळाला, पण अटीवर. तिथली उरलीसुरली माती वाहून गेली, तर पुन्हा शेतीच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही. माती उरली होती जेमतेम वीतभर. गेली असती तर माझा शब्दही गेला असता आणि त्या तुकड्यात पेरायलाही काही राहिलं नसतं. आमच्या यजमानांनी आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं आणि कुणी न मागितलेला चहा ठेवायला ते आत गेले.

मे महिन्यात मी आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी मागून आणली. फरशीची लेव्हल काढतात तीच. दोन टोकांना दोघींनी उभं राहायचं, दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की तिथं चुन्याची फक्की टाकायची. दुसरं टोक धरलं आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी. तास कुठून काढायचा, हे त्यांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्याची भरपाई त्यांनी त्या दोन दिवसांत केली. पाणी हाललं, थांब. मागं सर. वर धर. माझी एक अख्खी रेघ त्यांनी रद्द केली, आणि त्यांचं बरोबर होतं. सगळ्यात वरच्या रेघेवर आम्ही माती अडवायला मारवेल गवताची ठोंबं लावली.

आमच्या वरचं रान चुलतदिराचं. त्याला फुकटचा तमाशा मिळाला. रोज बांधावर येऊन विचारायचा, वहिनी, साप गेला का रानातून? एकदा म्हणाला, शाळेत फळ्यावर पण अशाच रेघा मारता का?

“फळ्यावर सरळच मारते. फळ्याला उतार नसतो.”

पेरणीला तिफण मामांनीच धरली. वाकडंच करायचं तर ते दुसऱ्याच्या हातून नको, असं काहीसं पुटपुटले. दोन तास चुन्यावरून गेले. तिसऱ्याला मात्र हाताच्या जुन्या खोडीनं उचल खाल्ली आणि तिफण फक्की ओलांडून सरळ उताराला लागली. मी धावत जाऊन बैलांसमोर उभी राहिले. बैल थांबले. मामाही थांबले, बैलांपेक्षा जरा उशिरा. मी बाजूला झाले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिफण उचलली आणि मुकाट्यानं चुन्यावर आणली.

बाजरी आणि तूर वीतभर झाली असेल, तेव्हा एका शनिवारी दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. मी शाळेत होते. खिडकीबाहेर मैदानातून गढूळ पाणी वाहत होतं आणि मी पोरांना तेच उदाहरण दुसऱ्यांदा सोडवून दाखवत होते. पोरांनी मोठेपणानं तसं सांगितलं नाही.

रविवारी सकाळच्या बसनं रानात गेले. मामा माझ्या आधीच तिथं होते. तासातासात पाणी अडून जिरलं होतं. बाजरी जागच्या जागी, मुळाशी चिखल धरून उभी. मामा एकेका वाकड्या तासाच्या कडेनं चालत, वाकून बघत होते. मग ते मारवेलीच्या रेघेपाशी उकिडवे बसले आणि चिमटीत माती चुरू लागले. गवताच्या वरच्या अंगाला काळ्या, मऊ मातीचा जाड थर येऊन बसला होता. आमच्या मुरमाड रानात तशी माती कधी नव्हतीच.

वर दिराच्या रानात सरळ तासांचे ओहोळ झाले होते. रोपांची मुळं उघडी पडली होती. दीर स्वतःच्या मातीच्या मागानं खाली उतरत आला, थराकडे बघून मामांना म्हणाला, “नाना, ही माती माझी हाय. दुपारी ट्रॉली आनतो.”

मामा हात झटकत उठले. जन्मभर सरळ तासांवर मान मिळवलेला तो माणूस काय म्हणतो, याकडे मी बघत होते. त्यांच्या तोंडून निघूनच गेलं,

“व्हय, तुझीच. तुझ्या सरळ तासांनीच घरपोच आनून दिली.”