राजकन्येचा रंग

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाई. बायको गेली, तिलेही सांगितलं नाई. तुम्हाले सांगतो — मधात टोकू नका. टोकलं तं राहून जाईल.

मी चौथी शिकलेला. हिंगणघाटात दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता परीकथांच्या पुस्तकांची चित्रं काढाले लागलो, अन् उभा जन्म तेच केलं. उडते घोडे, बोलणारी झाडं, राक्षस. माझा राक्षस पाहून पोरं पान उलटाले भेत. तसा राक्षस दुसऱ्या कोणाले जमला नाई, हे आजही छातीवर हात ठेवून म्हणतो.

पण गोष्ट राक्षसाची नाई. राजकन्येची आहे.

माझी लेक सुमन तवा दहा-अकराची. तिलेच समोर बसवलं. खांद्यावरून आईचं लुगडं सोडलं, मान जराशी तिरपी. पायाले मुंग्या आल्या, पण पोरगी हालली नाई. सुमी सावळी नाई — काळी. माझ्यावरच गेली. होती तशीच रंगवली. अन् चित्र असं उतरलं का — काय सांगू? तसं पुन्हा उतरलं नाई.

नागपूरचे प्रकाशक घरी आले. पाहतच राह्यले. म्हणाले, "वा पेंटर! हीच राजकन्या. कव्हरवर हीच घेऊ."

आनंद व्हाले पाह्यजे होता ना? मले लाज वाटली. काऊन? लोक म्हणतील, पेंटरनं आपली काळी पोरगी राजकन्या करून टाकली — हसतील. एवढंच. मी म्हटलं, साहेब, हे कच्चं आहे, पक्कं करून पाठवतो. मंग तीच मान, तेच हात ठेवले अन् वरून गोरा रंग चढवला. नाकही सरळ केलं.

पुस्तक आलं. सुमीनं चित्रावर बोट ठेवलं. "बाबा, हात तं माह्ये हायेत. तोंड कोनाचं हाय?"

मी म्हटलं — प्रकाशकानं बदलाले लावलं बेटा. मी लय भांडलो त्याच्याशी.

झालं. माझा बाप माझ्यासाठी भांडला, हे तिनं धरून ठेवलं. सासरी सांगितलं, पोरांना सांगितलं. अन् मी? पुढची प्रत्येक राजकन्या गोरी केली. सुमीचा रंग चेटकिणीले दिला. हेही सांगूनच टाकतो.

परवा वर्ध्याले माझा सत्कार झाला. सुमीनं माईक हाती घेतला अन् तीच गोष्ट भरल्या सभेत सांगितली. टाळ्या पडल्या. प्रकाशक कवाचेच वारले. लोक त्यांच्या नावानं चुकचुकले. मी शाल पांघरून बसून राह्यलो. उठता येत नव्हतं का? गुडघे धड आहेत माझे. उठलो नाई.

सुमी वडनेरले दिली आहे. उद्या सकाळच्या बसनं जातो. तिच्या पोरांच्या देखत सांगीन, त्यांनाही तेच खोटं माहीत आहे म्हणून. बाजारात गोरीच खपते, असं म्हणणार नाई. त्या माणसानं काळीच मागितली होती. नको म्हणणारा मी होतो.