मावशींचा संप

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझं वाकडंतिकडं अक्षर माफ करा. माझी शाळा चौथीतच सुटली. पण आमच्या लाँड्रीतल्या मावशींइतकी हट्टी बाई इंग्लंडातल्या या अख्ख्या लेस्टरमध्ये सापडायची नाही, एवढं लिहायला चौथी पुरते.

हॉटेलांच्या चादरी धुणारी आमची लाँड्री. मावशी नागपूरच्या, वीस वर्षं इस्त्रीच्या मशीनवर. हाताला सवय अशी की पोळी, पावती, मॅनेजरची नोटीस, दिसेल त्याची चौपदरी घडी. एकदा बसमध्ये शेजारच्या गोऱ्या आजोबांचा मफलरही त्यांनी न विचारता घडी करून मांडीवर ठेवला. मॅनेजरला रोज जयभीम घालत. शेवटी तोही घालायला लागला.

मग पत्र आलं, लाँड्री दूरच्या गावी हलणार. मॅनेजर म्हणाला, बस आहे की. मावशी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन पहिल्या बसने तिथे जाऊन आल्या आणि भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "साहेब, दोन बस बदलून पोचले, तर शिफ्ट सुरू होऊन चाळीस मिनिटं झालेली. आमचा पगार कापणार, का बसचा?" आम्ही बायका हसलो. गाडी आमच्यात कुणाकडेच नव्हती.

संप सुरू झाला. मावशी गेटवर पोहे आणत आणि संप मोडून आत जाणाऱ्यांनाही देत. युनियनची मराठी पोरगी, इथेच जन्मलेली, चिडायची, "मावशी, ते स्ट्राइक ब्रेक करतात, तुम्ही त्यांना ब्रेकफास्ट देता?"

"अगं, भरल्या पोटीच नीट लाज वाटते."

चौथ्या आठवड्यात मीच मान खाली घालून गेटकडे निघाले. भाडं थकलं होतं. मावशींनी हात धरून बाजूला घेतलं.

"किती अडलंय?"

"तीनशे."

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या तिकिटासाठी साठवलेले पैसे त्यांनी माझ्या हातात ठेवले. मी गेटवर उभी राहिले.

त्याने काही झालं नाही. संप हरलो, लाँड्री गेली. मला तिथे दुपारची अर्धी शिफ्ट मिळाली. मावशींनी नव्या जागेच्या कराराच्या कागदावर सही केली नाही, घरी बसल्या. त्या हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण नागपूरला वारली. मावशी जाऊ शकल्या नाहीत. मला मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत.

दर रविवारी मी जमतील तसे पाच-दहा पौंड द्यायला जायची, चहा पिऊन यायची. परवा शेवटचे दहा दिले.

"फिटले गं सगळे," त्या म्हणाल्या.

जिना उतरताना मी विचार करत होते, पुढच्या रविवारी काय सांगून जायचं.