अमानत ठेवलेले पाइप

आमची प्लाटून उत्तरेच्या सीमेवर एका बर्फाच्या पोस्टवर होती. मी सिग्नलचा हवालदार, गाव कंधार. तिथल्या वाऱ्यात बिडी टिकायची नाही, म्हणून पोरं पाइप ओढायला शिकली. गस्त निघाली की सुभेदार साहेब आधी सगळ्यांचे पाइप काढून घ्यायचे, स्वतःचासुद्धा. तंबाखूचा वास दुश्मनापर्यंत जातो. ते पाइप वायरलेस सेटपाशी माझ्या ताब्यात असायचे. कायदा एकच: मालक येईपर्यंत दुसऱ्याने पेटवायचा नाही, आणि द्यायचा तो त्याच्याच हातात.

त्या दिवशी चौघे गस्तीला निघाले. त्यात ओढणारे दोघंच, सुभेदार साहेब आणि उदगीरकडचा नायक मारोती. मारोतीच्या पाइपची दांडी चावून चावून फुटली होती. माझ्याकडून सिग्नलची तांब्याची तार मागून त्याने ती गुंडाळली होती.

"सरकारी तार हाय मारोती. पेन्शनीतून कापतील," मी म्हणालो.

"कापू द्या की. पाइप तेवढा नीट ठिवा."

दुपारी खालून फायरिंग ऐकू आलं. मी सेटवर ओरडत होतो, "गस्त, बोला. ओव्हर." नुसती खरखर. बऱ्याच वेळाने गस्तीतल्या एका शिपायाचा आवाज आला. "सुभेदार साहेब गेले. मारोतीच्या पायाला लागलंय. ओव्हर."

मारोतीला हेलिकॉप्टरने खालच्या खालीच हॉस्पिटलला नेलं. मग आमची प्लाटून हलली. कुणी म्हणालं, तो वाटेतच गेला. त्याच्या गावी दोनदा पत्र टाकलं, उत्तर नाही. दोन पाइप माझ्या ट्रंकेत राहिले.

पेन्शनीवर आलो तर इकडं दुष्काळ. विहिरीचा तळ उघडा पडलेला. लातूर नवीनच जिल्हा झाला होता, कचेरीला पहारेकरी पाहिजे होते. माजी सैनिक म्हणून मला घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी गेटजवळ सतरंजीवर पाइप मांडून पुसायचो. तीन माझे, हौसेने जमवलेले. दोन अमानत. चारा-पाण्याचे अर्ज घेऊन आलेले लोक भोवती बसायचे. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, येवढ्या चिलमी एकलाच वढतोस का?"

"न्हाई मावशी. ह्यातल्या दोनांचे मालक यायचे हायेत."

तेवढ्यात लोकांच्या मागून कुणीतरी विचारलं, "हवालदार, कापली का हो तार पेन्शनीतून?"

मी मान वर केली. काखेत कुबडी, दाढी पांढरी, एक पाय गुडघ्याखाली नाही.

"मारोत्या! लेका, जिता हायस?"

"हाव की. निलंग्याकडं सासुरवाडीला शेती करून राहिलो. मला काय धाड भरली?"

छातीवरचा धोंडा उतरला. इतकी वर्षं ज्याला मेला समजत होतो तो समोर उभा राहून मस्करी करत होता. मी चारचौघांत ढसाढसा रडलो, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. पाइप त्याच्या हातात दिला. त्याने तार चाचपली, तंबाखू भरला, ओढला आणि खोकत सुटला. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

मग त्याची नजर दुसऱ्या पाइपवर गेली.

"साहेबांचा पेटवू का? त्यांच्या नावानं?"

"न्हाई. मालक आल्याबिगर न्हाई."

मारोतीने मान हलवली. स्वतःचा पाइप विझवून बाजूला ठेवला, कुबडी आडवी घातली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"मग फडकं तरी द्या. आज मी पुसतो."