धोंडूबुवांनी न जिंकलेली बारी

धोंडूबुवा गावडे यांच्याबद्दल मी एक दिवस चांगलं लिहीन असं कोणी मला ऐंशी साली सांगितलं असतं, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. धोंडूबुवा म्हणजे आमच्या ह्यांचे वैरी. कोर्टकचेरीतले नव्हेत, भजनातले. ज्यांनी डबलबारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी मंडळं समोरासमोर दोन स्टेजांवर बसतात. एक बुवा पेटी पुढ्यात घेऊन गातो आणि गाता गाता समोरच्याला टोमणे हाणतो, प्रश्न टाकतो. मग दुसऱ्या बुवाने गाण्यातूनच त्याला उत्तर द्यायचं. एकेकाची पाळी म्हणजे बारी, आणि अख्ख्या सामन्यालाही बारीच म्हणतात. शेकडो अभंग पाठ हवेत, पुराणं पाठ हवीत आणि तिथल्या तिथे चार ओळी जुळवता यायला हव्यात. पब्लिक ज्याला उचलून धरेल तो जिंकला.

आमचे हे, म्हणजे सहदेवबुवा परब, विक्रोळीच्या एका कारखान्यात रंगखात्यात होते. मी चाळीच्या बालवाडीत बाई. धोंडूबुवा घाटकोपरच्या टेकडीवर राहायचे. संपात कापडगिरणी गेली, तेव्हापासून ते एका पिठाच्या गिरणीत दळणं दळत. बुटके, काटकुळे, भुवयांवर कायम पीठ. पण एवढ्याशा देहातून आवाज असा निघायचा की माइकवाला आधी माइक मागे सरकवायचा. जीभ त्याहून तिखट. एकदा भर सभेत त्यांनी ह्यांच्या पेटीला दम्याची बाई म्हटलं आणि लोक पोट धरून हसले. मी आठवडाभर धुमसत होते. वर हा माणूस ह्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत येऊन बसायचा. ह्यांनी नवं काय बांधलं ते ऐकून पाठ करायचा, म्हणजे पुढच्या सामन्यात त्यातली खोडी काढता येते. मी त्याला चोर म्हणायची. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत.

आता गांज्याचं सांगते, कारण सगळं तिथेच येतं.

भजनी मंडळांत तेव्हा स्टेजमागे चिलीम फिरायची. सगळ्या मंडळांत नाही, पण आमच्यात फिरायची. शंकराचं नाव घेऊन एक दम मारला की गळा मोकळा होतो आणि बारीला रंग चढतो, ही ठाम समजूत. झांजेसारखी चकी वाजवणारा बाळा पुडी आणायचा. हे आधी फक्त बारीच्या दिवशी ओढत. मग तालमीच्या दिवशी. मग कामावर जाण्याआधी मोरीच्या खिडकीशी उभं राहून. मला वाटलं, दारू तर पीत नाहीत, मारझोड नाही, ओरडा नाही, देवाची वस्तू आहे. दोन वर्षांत माणूस हातातून निसटायला लागला. रॉकेलला गेले तर रिकामा डबा घेऊन परत यायचे आणि डबा का नेला होता ते मलाच विचारायचे. सकाळचा खोकला थांबेना. शेजारचे आपल्या चाली चोरतात, भिंतीला कान लावून बसतात, असं बडबडायला लागले. पेटी उघडायचे, तिच्याकडे बघत बसायचे आणि मिटायचे. पूर्वी ह्यांना भाजी चिरतानाही ओळी सुचायच्या.

पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास सरकारने नवा कडक कायदा आणला आणि आमच्या गॅलरीत रोज संध्याकाळी विधानसभा भरायला लागली. वरच्या मजल्यावरचे श्यामसुंदर भावोजी ऑफिसातून पेपर घेऊन यायचे. "काय चाललंय काय हे? दारूची दुकानं उघडी आणि गांज्याला बेड्या! अमेरिकेत काही ठिकाणी पुडी सापडली तर नुसता दंड करून सोडतात. दारूपेक्षा गांजा बरा, कोणाला विचारा."

"देवाच्या वस्तूक बंदी कशी घालतत?" बाळा म्हणायचा.

श्यामसुंदर भावोजींनी जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. एकदा माझा तोल गेला. म्हटलं, "भावोजी, अमेरिकेचं तुम्ही बघा. माझ्या घरात काय चाललंय ते येऊन बघाल का?" त्यांनी पेपरची घडी घातली. वाईट माणूस नव्हे, पण त्यांना वाद हवा होता आणि मला नवरा.

शहाऐंशीच्या माघी गणपतीला आमच्या चाळीने डबलबारी ठेवली. कारखान्याच्या पाळ्या सांभाळायच्या म्हणून रविवारी दुपारी. एका बाजूला सहदेवबुवा, दुसऱ्या बाजूला धोंडूबुवा, आणि हौशी मंडळींनी विषय दिला तो हाच, गांजा असावा की नसावा. ह्यांच्याकडे 'असावा' आला. स्टेजमागे चिलीम फिरली. मी बायकांत पुढे बसले होते. मला वास आला.

पहिली बारी ह्यांनी बरी मारली.

"शिवाच्या हाती जे शोभले, सरकारा ते का खुपले?"

टाळ्या पडल्या. बाळाने चकी अशी वाजवली की जणू कायदाच रद्द झाला. मग धोंडूबुवांनी पेटीवर बोटं टाकली.

"विष प्याला शंकर, कंठातच अडविले,
तू रे कोण मोठा, खाली उतरविले?"

लोक उठून उभे राहिले. चिडलेली असूनही मला ते पटलं. ह्यांनी हसून मान डोलावली आणि दुसऱ्या बारीला स्वतः बांधलेली गौळण घेतली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बांधलेली, शंभर वेळा गायलेली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी हे थांबले. पुन्हा धृपद घेतलं. मागच्या टाळकऱ्यांनी झेललं. पुन्हा थांबले. पुन्हा धृपद. पखवाजवाला वाजवत राहिला. ह्यांची बोटं पेटीवर फिरत होती, पण डोळे कुठेच नव्हते. मागून पहिली शिट्टी आली, मग हुर्यो.

आता डबलबारीची रीत अशी की समोरचा अडकला की त्याला सोडायचं नाही. तिथेच टोमणा हाणायचा, हार मानायला लावायची. धोंडूबुवांनी पेटी ओढली. मी डोळे मिटले.

आणि मला ह्यांच्याच गौळणीचं दुसरं कडवं ऐकू आलं, धोंडूबुवांच्या आवाजात. ह्यांच्याच चालीत, ह्यांच्याच हरकती घेऊन. त्यांनी शेवटपर्यंत गौळण गायली आणि अखेरच्या ओळीत बुवाचं नाव येतं तिथे स्वतःचं घुसवलं नाही, स्वच्छ 'सहदेव म्हणे' म्हटलं. हुर्यो केव्हाच थांबली होती. मग धोंडूबुवा माइकशी आले.

"मंडळीनू, आज सामनो नाय. माझो बुवा आजारी आसा. आजारी माणसाक हरवून मी खय तोंड दाखवू? नवरात्रात परत बसू. ढाल तोपर्यंत तुमच्या हाफिसात ऱ्हवांदे."

ढाल म्हणजे सामन्याचं बक्षीस. वाढलेलं पान सोडून उठावं तसा हा माणूस जिंकलेला सामना सोडून उठला. त्यांच्याच मंडळातले लोक त्यांच्यावर ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात हजर. हे आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हटलं, "बुवा, का आलात? तुम्हाला काय मिळणार आहे ह्यातून?"

"वयनी, माझा सोताचाच काम आसा," ते म्हणाले. "सहदेव गेलो तर मी भांडू कोणावांगडा? बाकीचे बुवा नुसते आरडतत. माझी अर्धी बुवाकी तेच्या जिवावर चलता."

खरं सांगते, त्यांनी दयामाया दाखवली असती तर ह्यांनी त्यांना हाकलून दिलं असतं. ते ऐकून हे आतून म्हणाले, "अर्धी नाय, सगळी," आणि उठून बसले. महिन्याभरात ह्यांनी मारलेला तो पहिला शेरा.

धोंडूबुवाच ह्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर क्षमाताईंनी छाती तपासली, बरंच काही विचारलं. म्हणाल्या, सगळ्यांनाच इतका त्रास होतो असं नाही, पण ह्यांना झालाय. धुराने छाती धरली आहे, आणि लक्षात राहत नाही, संशय येतो, त्यामागेही गांजाच असावा. बंद केलं तर बरंच परत येईल, सगळं येईलच असं वचन देत नाही. मला त्यांचं न दिलेलं वचनही आवडलं. गोड बोलणारे तोवर फार भेटले होते.

पहिला पंधरवडा कसा काढला ते माझं मला माहीत. झोप नाही, जेवण नाही, ताट सरकवायचे, माझ्यावर खेकसायचे. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. धोंडूबुवांनी शक्कल काढली. ह्यांना रोज कामावरून सुटल्यावर घाटकोपरला गिरणीत बसवायचं, आणि दळणाच्या घरघराटावर आवाज चढवून अभंग म्हणायला लावायचे. आठवड्याने डॉक्टर क्षमाताईंना हे कळलं. त्यांनी दोघांना समोर उभं करून झापलं. "खोकणाऱ्या माणसाला पिठाच्या धुरळ्यात बसवता? बुवा आहात की वैरी?"

"दोनय," धोंडूबुवा म्हणाले.

मग ते स्वतः विक्रोळीला यायला लागले. हायवेच्या पलीकडे, खाडीच्या बांधावर दोघे बसत. कांदळवनात बगळे आणि बांधावर हे दोघे. एक ओळ धोंडूबुवा म्हणत, पुढची ह्यांनी म्हणायची. आठवली नाही तर ते सांगत नसत. शिव्या देत, पण थांबत. मी कधी डब्यातून भाकरी नि सुकटीची चटणी न्यायची. बाळालाही धोंडूबुवांनी, पुडी नाही तर चकी घेऊन, तिथेच बोलावून घेतलं. श्यामसुंदर भावोजींनी त्यांना विचारलं, "मग तुम्ही कायद्याच्या बाजूने की विरुद्ध?" धोंडूबुवा म्हणाले, "पोरग्याक पुडयेसाठी तुरुंगात धाडू नका. पण ती पुडी परसाद म्हणून माझ्या पुढ्यात आणल्यान, तर मी तेच्या कानाखाली देतलय." भावोजी म्हणाले ही बाजूच होत नाही. मला विचाराल तर एवढीच बाजू माझ्या कामाची होती.

ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही, ज्याला मी चोर म्हटलं, तो माणूस दिवसभर दळणं दळून रोज घाटकोपरहून यायचा. चहासुद्धा उभ्याने प्यायचा, आणि आभार मानले की चिडायचा. म्हणून ते इथे मानते. मनापासून मानते.

नवरात्रात पुन्हा स्टेजं बांधली. ह्यांचा चेहरा भरला होता, खोकला थांबला होता. काही अभंग गेले ते गेलेच, ते वहीतून परत पाठ केले. पण मला आतून धास्ती होती. बारीत काय होईल याची नव्हती, धोंडूबुवा काय करतील याची होती. त्यांनी ह्यांना सांभाळून घेतलं, हातचं राखून गायले, तर मी समजणार होते की माझा नवरा अजून आजारीच आहे.

धोंडूबुवांची पहिली बारी. नमन झालं, देवाच्या रूपाचा अभंग झाला. मग त्यांनी समोर बघितलं आणि सुरू झाले.

"सहदेवाचा गळा कसा, फुटक्या घागरीचा ठसा,
पाणी भरी बायको बिचारी, ह्याच्या तोंडी कोरड सारी!"

पब्लिक लोळलं. पुढे तर काही राखलंच नाही. ह्यांची पेटी, ह्यांचं टक्कल, ह्यांचा गाव, सगळ्यांचा उद्धार केला. खाडीच्या बांधावर कोणती ओळ चुकली होती तेसुद्धा भर सभेत काढलं. शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या की ही आता उठते आणि चप्पल काढते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी हसत होते.

हे लालबुंद झाले. पेटी ओढली, आणि कुठे न लिहिलेल्या चार ओळी तिथल्या तिथे जुळवून फेकल्या, पिठातल्या अळीवर. पब्लिकने मांडव डोक्यावर घेतला. तरी हे हरले. साफ हरले, ढाल घाटकोपरला गेली. पण ते नंतर. त्या क्षणी मी बायकांतून उभी राहिले आणि समोरच्या स्टेजकडे बघून हात जोडले. धोंडूबुवांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ह्यांना आता पुढची शिवी कोणती द्यावी, ते खाली मान घालून जुळवत होते.