सासूबाईंचे फोल्डर

गेल्या बुधवारी ऐरोलीच्या ऑफिसात मी कपाळाला हात लावून बसले होते… आणि शुक्रवारी त्याच ऑफिसात पेढे वाटत होते. मधल्या दोन दिवसांत काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

मी ॲप डिझायनर आहे. आमचं ॲप म्हणजे… फोनवर काही वाचण्यासारखं दिसलं, पण आत्ता वेळ नाही, तर बटण दाबा, जपून ठेवा आणि सवडीने वाचा. कल्पना झकास आहे. फक्त एक भानगड… सगळे जपून ठेवतात, वाचत कोणीच नाही. मी पण नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

आमच्या मॅनेजर बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं. लोक परत येऊन वाचतील असं काहीतरी नवं फीचर शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर ॲप बंद आणि टीम इकडेतिकडे वाटून टाकणार. तीन वर्षं या ॲपपायी डोकं फोडलंय मी… जीव नुसता टांगणीला लागला होता.

तशी मी काय कमी शहाणी? न वाचलेल्या लेखावर लाल ठिपका, रोज सकाळी आठवण, सलग सात दिवस वाचलं तर बक्षीस… सगळं डिझाइन करून ठेवलं होतं. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीतल्या आणि घरातल्या मिळून नऊ जणांना पंधरा दिवस वापरायलाही दिलं होतं.

निकाल बुधवारी आला. लाल ठिपक्याला वैतागून दोघांनी ॲपच उडवलं होतं! एकीने तर मला विचारलं की मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर बोलणी कमी बसतात का, आता ॲपचीही ऐकून घ्यायची?

फक्त एका फोनवर जपून ठेवलेलं जवळजवळ सगळं उघडलं गेलं होतं. शेजारी बसणारा समीर म्हणाला, शक्यच नाही, ॲपमध्येच काहीतरी गडबड, बग असणार. मी नाव पाहिलं… फोन माझ्या सासूबाईंचा होता.

सासूबाईंची अख्खी नोकरी सरकारी ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर झाली. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी यांच्या हातात पडणार. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण दरारा कायम आहे. दूधवाला पण यांच्याशी उलट बोलत नाही.

घरी गेल्या गेल्या त्यांचा फोन मागून घेतला. आम्ही लेख विषयवार लावायला फोल्डर दिलेत… आरोग्य, प्रवास, रेसिपी वगैरे. बघते तर काय, बाईंनी सगळे विषय पुसून तिथे माणसं घातलेली. नसीमभाभी. पुण्याचा वसंता. वॉचमन शिंदे. प्रणाली, म्हणजे माझी नणंद.

मला हसूच फुटलं. म्हटलं, आई, ही विषयांची जागा आहे, तुम्ही माणसं कोंबलीत. त्यांनी चष्म्यावरून अशी नजर टाकली की जणू मी कालच भरती झालेय.

"अगं, कागद आला की पहिलं काय बघायचं? कोणाकडे जायचाय. आधी नाव टाकायचं, मग पुढे सरकवायचा. नाव नसलेला कागद कोणी वाचत नाही, पडून राहतो."

मग सगळा कारभार समजला. नसीमभाभी खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या उरणच्या. दुपारी त्या चहाला आल्या की त्यांचा फोल्डर उघडतो. गुडघ्यांच्या व्यायामाचा लेख दोघी वाचतात आणि तिथेच सोफ्यावर पाय लांब करून व्यायामही करतात. रविवारी सासूबाईंच्या धाकट्या भावाचा, वसंताचा फोन आला की त्याला त्याच्या फोल्डरमधलं वाचून दाखवायचं. म्हणजे ही बाई वाचायला म्हणून काही ठेवतच नव्हती… द्यायला म्हणून ठेवत होती.

डोक्यात एकदम ट्यूब पेटली. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्येच स्केच काढलं. ठिपके, बक्षिसं सगळं केरात. त्या जागी एकच प्रश्न… काही जपून ठेवलंत की ॲप विचारणार, 'कोणासाठी?' आणि त्या माणसाला फोन लावलात की त्याचा फोल्डर हळूच समोर आणणार.

शुक्रवारी मीटिंगमध्ये दाखवलं. मॅनेजर बाईंनी स्वतःचा फोन काढला, सहा महिन्यांपूर्वीचा एक लेख शोधला आणि म्हणाल्या, हा मी बहिणीसाठी ठेवला होता, द्यायचाच राहिला. झालं! ॲप तरलं, टीम तरली. पेढे मीच खाली जाऊन आणले.

घरी येऊन पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला. कौतुकाने त्यांचाच फोन पुन्हा उघडला, आणि बुधवारच्या गडबडीत न दिसलेला एक फोल्डर दिसला. सगळ्यात शेवटी… माझ्या नावाचा.

त्यात अकरा लेख होते. लॅपटॉपमुळे मान दुखत असेल तर काय करावं. मीटिंगमध्ये बोलताना धडधडतं, त्यावर उपाय. डब्यात न्यायचे नवे प्रकार. डिझाइनवरचा एक तर चक्क इंग्रजीतला. अख्ख्या फोनमध्ये न उघडलेले तेवढेच.

मी विचारलं, हेच का राहिले? त्या पेढा खात अगदी सहज म्हणाल्या, "तू बसतेस कुठे गं? म्हटलं, असू दे. सवड झाली की वाचू."

रागाने बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 'नंतर हं आई' म्हणत मी किती वेळा त्यांच्यासमोरून बॅग घेऊन आत गेलेय, खरंच सांगते.

बॅग दारातच टाकली आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. मानेपासून सुरुवात केली. त्या मोठ्याने वाचत होत्या, मी मान वळवत होते, आणि माझं चुकलं की डोकं धरून सरळ करत होत्या… इतकं हसलो दोघी की नसीमभाभी काय झालं म्हणून बघायला वर आल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक लेख वाचतोय. काल मोजले तर अकराचे चौदा झालेत… मी एक वाचते, तोवर त्या दोन टाकतात. माझ्या नावाने घरात कोणीतरी एवढं साठवतंय आणि मला पत्ताच नव्हता. हा ढीग कधी संपूच नये, एवढंच मागणं आहे माझं.