विद्याचं नाव आणि लातूर, नांदेड, देगलूरचे तीन दिवस

उन्हाळ्यात लातूरला जाऊ नकोस, असं मला चार जणांनी सांगितलं. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. पण आमच्या पुस्तकात एक घोळ झाला होता आणि तो माझ्यामुळे झाला होता. गेले.

आधी पुस्तकाबद्दल. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका आणि पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष यांच्या मराठी चित्रकथा मी पदरमोड करून छापते. कायदा तेव्हा आमच्या बाजूचा नव्हता. पुण्यातल्या दोन छापखान्यांनी पानं चाळून गोड बोलून परत केली. लातूरच्या अप्पांनी मात्र घेतली. या अंकातली मोठी कथा विद्याची. दोघी बायका टँकरच्या रांगेत घागरी लावून बोलत बसतात आणि टँकर आला की हिरमुसतात, एवढीच गोष्ट. विद्या देगलूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आपलं नाव कुठेही छापायचं नाही, ही तिची एकच अट होती. गावात कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि घरची माणसंही.

छापण्याआधी पानांचे फोटो मंजुरीसाठी माझ्या फोनवर आले. मी घाईत शेवटचा फोटो न उघडताच 'ओके' कळवून टाकलं. पुस्तकं छापून झाल्यावर तो उघडला. कथेखाली वळणदार अक्षरात छापलं होतं: चि. सौ. कां. विद्या किशनराव कांबळे, मु. पो. देगलूर.

लातूरला सकाळी उतरले. लॉजवाल्याने किल्लीबरोबर अर्धी बादली पाणी दिलं आणि उद्याचं उद्या बघू म्हणाला. जाणार असाल तर ओले रुमाल आणि कोरडा शाम्पू न्या, आणि स्टँडजवळ गाड्यावरचा निलंगा राईस नक्की खा. तिखट आहे, पाणी जपून प्या.

अप्पांचा छापखाना बंदच होता. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा खुर्ची टाकून दारात बसले होते. ऑफसेट मशीनला शाईइतकंच पाणी लागतं, हे मला तेव्हा कळलं.

"प्यायलाच न्हाई, मशीनला कुठून पाजू? तुमचं काम नांदेडला मेव्हण्याकडं धाडलं," ते म्हणाले. "विद्याबाईंची चित्रं एसटी पार्सलनं आलती, तसंच पाकीट पुढं दिलं."

पाकिटावर पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव होतं. घोळ कुठे झाला ते समजलं, पण त्याने राग कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नांदेडला निघाले. लाल बस अहमदपूर, लोह्यावरून जाते. चार तास, दीडशेच्या आसपास तिकीट, खिडकी डावीकडची धरा. रस्त्याकडेला रिकाम्या विहिरी आणि प्लास्टिकच्या टाक्या. मागच्या सीटवर दोघं उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत होते. "जिल्हा झाला की पानी येतंय का?" एकाने विचारलं. "पानी न्हाई, पर कलेक्टर तर येईल," दुसरा म्हणाला. मला हसू आलं आणि मग विद्याची आठवण येऊन ते गेलं.

अप्पांचे नांदेडचे मेव्हणे गंगाधरराव गेली अनेक वर्षं लग्नपत्रिका छापतात. मी तावातावाने ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"बिननावाचा कागद आम्ही सोडत न्हाई, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पत्रिकेत एक मामा राहिला तर लग्नात पंगत उठून जाते. पोरीनं एवढं जीव लावून काढलं अन् नाव नाही, मला वाटलं घाईत राहून गेलं. पाकिटावरून घेतलं."

"तुम्ही गोष्ट वाचली होती का?"

"वाचली की. दोघीचं जमावं असं वाटलं."

मी पान मिटलं. त्यांनी नाव झाकायला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून दिल्या, गोंदाची बाटली दिली आणि दुसऱ्या सकाळी तीनशे प्रतींची खोकी स्वतः देगलूरच्या बसवर चढवली.

तिसरा दिवस देगलूरचा. स्टँडवर मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच वाक्यात ऐकू येतं. विद्याची खोली शाळेमागे होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने पान उघडलं आणि पुस्तक खिडकीपाशी उजेडात नेलं. मला भीती वाटली की ती मला घालवून देईल.

"अशा वळणदार अक्षरात माझं नाव पत्रिकेवर यावं म्हणून आई पाच वर्षं वाट बघून राहिली," ती म्हणाली. "आलं एकदाचं."

मग ती रडली. मीही.

भाकरी, ठेचा खाऊन दुपारी चिकटवायला बसलो. मी पूर्ण ओळीवर पट्टी लावत होते. विद्याने माझा हात धरला, पट्टीचे कात्रीने दोन तुकडे केले आणि स्वतःच्या नावाच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे लावले. 'चि. सौ. कां.' झाकलं, वडील झाकले, आडनाव झाकलं, गाव झाकलं. मधे 'विद्या' राहिलं.

"हेडमास्तरांनी बघितलं तर?" मी विचारलं.

"विद्या लई हायेत मराठवाड्यात. तेवढं राहू द्या." मग पानं उलटत तिने सहज विचारलं, "तुमचं कुठं हाय?"

माझं कुठेच नव्हतं. प्रकाशक म्हणून एक बनावट नाव होतं, पुण्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या अंकात घालते, असं काहीतरी मी पुटपुटले. ती हो म्हणाली आणि गोंद लावत राहिली.

उदगीरमार्गे लातूर, तिथून पुणे. आठवडाभर अंगातली धूळ निघत नव्हती. लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? माझ्याकडे एकही फोटो नाही. मी इतकी वर्षं स्वतःला धीट समजत होते, ते मात्र तिकडेच राहिलं.

रविवारी खोकी उघडली आणि 'विद्या'च्या खाली पेनने माझं नाव लिहीत बसले, आडनावासकट, प्रत्येक प्रतीवर. पहिली प्रत आईला दिली. तिने त्या दोघींची गोष्ट शेवटपर्यंत वाचली, मग चष्मा काढून माझ्या नावाच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"आडनावही घातलंस," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.